झारा, ओलांडा, कॅरेट : शब्द हाती न लागणाऱ्या एका मुलीचे प्रकरण

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या घरची सव्वापाच वर्षांची मुलगी आई आणि आजीबरोबर एसटीने नाशिकच्या निमाणी स्टँडला उतरून पंचवटीतल्या माझ्या वाचा-भाषा उपचाराच्या क्लिनिकमध्ये आली. घरी तिला सगळे छकुली म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरते. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत असले तरी ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

आईची तक्रार नेमकी होती. ती म्हणाली, “मॅडम, बोलते ती. दिवसभर बोलते. पण कशालाच नाव नाही. सगळं ‘ते’, ‘ते असलं’, ‘ते पप्पांचं’.” आजींचे म्हणणे वेगळे होते. छकुलीचा चुलताही पाच वर्षांचा होईपर्यंत नीट बोलत नव्हता आणि आज तो ट्रॅक्टर चालवतो, तेव्हा पोरीला उगाच शहरात फिरवू नये, असे त्यांना वाटत होते. आजींनी नकार म्हणून सांगितलेली ही गोष्ट मी मात्र पहिल्या पानावर लिहून घेतली, कारण भाषेच्या विकासातल्या अडचणी एकाच घरात पुन्हा पुन्हा दिसतात हे या क्षेत्रात चांगलेच परिचयाचे आहे.

पहिला शब्द दोन वर्षांनंतर, दोन शब्द जोडून बोलणे तिसरे सरल्यावर. दोन्ही कानांची श्रवणचाचणी व्यवस्थित होती. बालमानसतज्ज्ञांनी घेतलेल्या, शब्दांशिवाय सोडवायच्या कोड्यांत ती वयाप्रमाणे होती. डोळ्याला डोळा देऊन हसायची, खोटाखोटा चहा करून मला पाजायची, त्यामुळे स्वमग्नतेची शंका घ्यायला जागा नव्हती. समजण्याच्या बाजूलाही थोडी उणीव होती : “कपाटामागची पिशवी आण” म्हटले की ती कपाटासमोरची पिशवी आणायची आणि सगळ्यांना वाटायचे की पोरगी ऐकत नाही.

शाळा इंग्रजी माध्यमाची, सीनियर केजी. मुलगी वर्गात गप्प असते म्हणून शाळेने पालकांना घरी इंग्रजीच बोलण्याचा सल्ला दिला होता आणि आई चार महिने तो निष्ठेने पाळत होती. त्याचा परिणाम असा झाला होता की मराठीत जिची वाक्ये लांबलचक आणि रसाळ असत ती बाई मुलीशी बोलताना “वॉटर पी”, “शूज घाल” एवढ्यावर आली होती. दोन भाषा ऐकल्याने भाषेचा विकार होत नाही, आणि विकार असलाच तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो. एक भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारत नाही. पहिल्याच भेटीत हे सांगितल्यावर आईच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला अजून आठवते.

निदान विकासात्मक भाषा विकाराचे केले, म्हणजे बहिरेपणा किंवा स्वमग्नता असे दुसरे कारण नसताना भाषा शिकण्यातच राहणारी अडचण. हे नाव तसे नवे आहे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने मतांच्या अनेक फेऱ्या घेऊन २०१७ मध्ये ते सुचवले. त्याआधी एकाच प्रकारच्या मुलांना वेगवेगळ्या नावांच्या चिठ्ठ्या लागत. विकार मात्र दुर्मीळ नाही. अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांची १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी पाहणी आहे, तीत हे प्रमाण सुमारे ७ टक्के निघाले, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. त्याच पाहणीत मुलग्यांमध्ये ८ आणि मुलींमध्ये ६ टक्के असे आकडे होते. दवाखान्यात येणारी मुले पाहिली तर मुलगे याहून कितीतरी जास्त वाटतात. मधल्या मुली कुठे जातात याचे उत्तर छकुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर होते : “शांत, गुणी.”

स्वयंपाकघरातल्या चार वस्तू

एखाद्या मुलाला किती शब्द येतात हे मोजण्यापेक्षा नवा शब्द दिल्यावर तो त्याचे काय करतो हे पाहणे मला अधिक उपयोगी वाटते. चाचणी घ्यायची, थोडे शिकवायचे, पुन्हा चाचणी घ्यायची, अशी ही पद्धत. मी टेबलावर रवी, झारा, सोऱ्या आणि अडकित्ता ठेवला. चारांपैकी एकाचेही नाव तिला येत नव्हते. वीस मिनिटांच्या खेळात प्रत्येक नाव मी तीन-चार वेळा सहज घेतले : झाऱ्याने पुऱ्या काढल्या, सोऱ्यात पीठ भरले, रवीने ताक घुसळले.

नंतर “झारा दे” म्हटले तर तिने न चुकता झारा दिला. चारही वस्तू तिने नावावरून ओळखल्या. आई खूश झाली. मग मी झारा हातात धरून “हे काय?” विचारले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “पळी.” सोऱ्याला “सोया”. अडकित्त्याला “अकित्ता”. रवीला काहीच नाही, नुसते दोन तळहात घासून दाखवले.

सुसान केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ मध्ये बालवाडीतल्या मुलांना “निळा नको, क्रोमियम रंगाचा ट्रे आण” असे सहज सांगून पाहिले होते आणि एवढ्या ओझरत्या ऐकण्यानेही बऱ्याच मुलांच्या मनात त्या अनोळखी शब्दाचे काहीतरी शिल्लक राहिल्याचे त्यांना दिसले. शब्दाची ही पहिली झटपट गाठ छकुलीलाही बांधता येत होती. ऐकून वस्तू उचलण्यापुरती ती पुरेशी होती. नाव स्वतःच्या तोंडून काढायला मात्र शब्दाचा आवाज अथपासून इतिपर्यंत मनात पक्का असावा लागतो, आणि तिचा तो ‘अकित्ता’च होता. अर्थ नसलेले बनावट शब्द तिच्याकडून म्हणवून घेतले तेव्हाही हेच दिसले : ‘मोपा’ बरोबर, ‘केरुटा’ अडखळत, ‘बिलोदेसा’चे ‘बिदेसा’. भाषेची अडचण असलेल्या मुलांना लांब बनावट शब्द उच्चारणे विशेष जड जाते, हे गॅदरकोल आणि बॅडली यांनी १९९० मध्ये दाखवले होते. माझी यादी माझीच, घरगुती होती, त्यामुळे निदानाचा आधार मी तिच्यावर ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात मी तिला झाऱ्याचे चित्र काढायला सांगितले. तिने एक लांब दांडा काढला आणि खाली एक गोल. भोके नव्हती. पुन्हा विचारले तर पुन्हा “पळी”. तोवर मी ‘पळी’ला शब्द न आठवल्याची चूक समजत होते, पण चित्राने वेगळेच सांगितले : झाऱ्याला झारा बनवणारी गोष्टच तिच्या मनात पोचली नव्हती, तिच्या लेखी ती खरोखरच एक पळी होती. कार्ला मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मुलांकडून अशीच चित्रे आणि व्याख्या घेऊन पाहिल्या होत्या. ज्या वस्तूंची नावे मुले चुकत, त्यांची चित्रेही अनेकदा अपुरी असत. तेव्हापासून कोणत्याही नव्या शब्दासाठी मी कागद आणि खडू जवळ ठेवते.

पहिले दहा आठवडे

हे दहा आठवडे माझ्या चुकीचे आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुलै ते सप्टेंबर आम्ही आठवड्यातून एकदा भेटत होतो. दर वेळी चार नवे शब्द, छापील चित्रांची कार्डे, मी म्हणायचे आणि तिने माझ्यामागून म्हणायचे. सत्र फार छान व्हायचे. ती प्रत्येक शब्द माझ्यामागून म्हणायची, आई मोबाइलवर चित्रण करायची, आणि वहीत मी बरोबरच्या खुणा करत जायचे. सप्टेंबरच्या शेवटी सगळी चाळीस कार्डे एकदम समोर ठेवून, आधी शब्द न सांगता, नावे विचारली. सहा आली.

दुसऱ्याच्या तोंडचा शब्द दोन सेकंदांत परत म्हणणे आणि आपल्या मनातून तो वर काढणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे मी विद्यार्थिनींना शिकवते. तरी स्वतःच्या वहीत मी पहिलीला गुण दिले होते. छकुलीला दहा आठवड्यांत एकदाही शब्द स्वतः शोधायची वेळ आली नव्हती, कारण मी तो नेहमी आधीच देऊन ठेवत होते.

दुसरी चूक कार्डांची होती. भाजीच्या प्लॅस्टिकच्या खोक्याचे कार्ड दाखवून मी ‘क्रेट’ म्हणत होते आणि ती दर वेळी ‘कॅरेट’ म्हणत होती. मी सलग तीन आठवडे वहीत “उच्चारदोष” लिहिले. एका शनिवारी वडील तिला घ्यायला आले, त्यांनी ते ऐकले आणि हसू आवरत म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे कॅरेटच म्हणतात. पिंपळगावच्या मार्केटात जाऊन बघा.” त्या मुलीकडे जो एक शब्द पक्का होता तोच मी चुकीचा ठरवत होते.

मराठी शब्द कानावर कसा पडतो

‘कॅरेट’च्या प्रकारानंतर मी आईला घरातल्या बोलण्याचे अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण पाठवायला सांगितले. ऑक्टोबर छाटणी चालू होती, त्यामुळे बोलण्याचा विषय बागच होता. द्राक्षवेलीचे खोड वर जाऊन मांडवाच्या तारेवर आडवे पसरते त्या भागाला ओलांडा म्हणतात. अर्ध्या तासात हा शब्द अकरा वेळा आला : ओलांड्यावर, ओलांड्याला, ओलांड्याच्या, पुन्हा ओलांड्यावर. ‘ओलांडा’ असा सुटा, साधा तो फक्त एकदा आला.

इंग्रजीत ट्रे हा ‘ट्रे’च राहतो, त्याच्यापुढे-मागे काहीही आले तरी. मराठीत विभक्ती लागली की शब्द आधी सामान्यरूपात जातो : झाऱ्याने, पावसात, मण्यांना. ऐकणाऱ्या मुलाला ‘ओलांड्यावर’, ‘ओलांड्याला’ आणि ‘ओलांडा’ हे एकाच वस्तूचे आवाज आहेत हे स्वतः ताडावे लागते. बहुतेक मुले ते कोणी न सांगता ताडतात आणि आपल्या लक्षातही येत नाही की त्यांनी काही केले. जिच्या मनात शब्दाचा आवाज मुळातच पुसट उमटतो तिला मात्र अकरा वेळा ऐकलेला शब्द अकरा वेळा ऐकल्यासारखा लागत नाही. मी वेलीचा फोटो दाखवून ओलांड्यावर बोट ठेवले आणि “हे काय?” विचारले तेव्हा छकुली म्हणाली, “ओलांड्या.” उत्तर चुकीचे होते, पण तिने ऐकलेल्या भाषेशी ते पूर्ण इमान राखून होते.

याच मुद्रणात आणखी एक गोष्ट सापडली. छकुलीच्या वाक्यांतले निम्म्याहून अधिक क्रियापद ‘करणे’ होते : कात्री करते, पाणी करते, आजी घड करते. भाषेची अडचण असलेली मुले अशी सर्वकामी क्रियापदे फार वापरतात. मराठीत ‘करणे’ इतक्या शब्दांना चिकटते की हे व्यंग घरच्यांच्या कानाला खटकतच नाही.

बारा शब्द, एक आजी

ऑक्टोबरच्या मध्यापासून कार्डे बंद केली. घरच्यांशी बसून फक्त बारा शब्द निवडले : ओलांडा, काडी, डोळा, घड, मणी, देठ, तार, कात्री, विरळणी, आणि क्रियापदांत खुडणे, बांधणे, फवारणे. निवडताना वाद झाला, कारण घडातले जादा मणी काढण्याला वडील ‘थिनिंग’ म्हणत आणि आजी ‘विरळणी’. एका वस्तूला घरात एकच नाव ठेवायचे, एवढा नियम मी घातला. ‘विरळणी’ ठरले, कारण ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या आजी होत्या.

किती वेळा ऐकवायचे याला थोडा आधार आहे. हॉली स्टोर्केल यांच्या गटाने २०१७ मध्ये भाषा विकार असलेल्या बालवाडीतल्या मुलांना गोष्टीची पुस्तके वाचून दाखवताना तोच शब्द १२, २४, ३६ आणि ४८ वेळा ऐकवून पाहिला. ३६च्या आसपास सर्वांत समाधानकारक परिणाम मिळाला, आणि तेवढ्यानेही सगळ्या मुलांना सगळे शब्द आले नाहीत. बालवाडीत बाई एखादा नवा शब्द किती वेळा उच्चारतात ते आठवून पाहावे.

पण नुसती संख्या वाढवली असती तर मी जुनीच चूक मोठ्या आवाजात केली असती. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात लहान मुलांना काही शब्द फक्त पुन्हा पुन्हा ऐकवले आणि काही शब्द मध्ये अंतर ठेवून त्यांच्याकडून आठवून घेतले. आठवडाभराने विचारल्यावर आठवून घेतलेले शब्द जास्त टिकले होते, विकार असलेल्या मुलांतही आणि नसलेल्या मुलांतही.

प्रत्यक्षात ते असे दिसायचे. वडिलांनी छाटणीतली एक काडी आणून दिली होती. मी ती छकुलीच्या हातात देऊन म्हणायचे, “ही काडी. काडीवर हा फुगलेला भाग आहे ना, तो डोळा.” लगेच विचारायचे, “हे काय?” ती म्हणायची, “डोळा.” मग देठ, मग तार, मग कात्री, आणि या तिन्हींनंतर, तिला वाटायचे आता विषय संपला तेव्हा, पुन्हा काडी पुढे करून, “हे काय होतं?” इथे ती थांबायची. मी गप्प राहायचे. मनात पाचपर्यंत मोजायचे. आला तर उत्तम; नाही आला तर मी शब्द सांगायचे, ती म्हणायची, आणि आणखी तीन वस्तूंनंतर पुन्हा. प्रत्येक शब्द आधी सुटा आणि मग विभक्तीत जोडीने यायचा : “हा ओलांडा. ओलांड्यावर काडी. काय आहे हा? ओ-लां-डा,” असे प्रत्येक अक्षराला टेबलावर एक थाप मारून. दर दोन आठवड्यांनी चित्र.

‘डोळा’ सर्वांत लवकर आला. वेलीला डोळे असतात याचे तिला इतके हसू आले की घरी जाऊन तिने दारातल्या जास्वंदीचेही डोळे शोधले.

घरचा भाग आजींनी उचलला. पहिली अडचण आजींची मायाच होती, कारण नात अडखळली की त्या लगेच शब्द तोंडात द्यायच्या. पाच बोटे मिटेपर्यंत बोलायचे नाही, असे ठरले. डिसेंबरमध्ये विरळणीला बायका बागेत बसल्या असताना आजी छकुलीला शेजारी बसवून घडातून मणी काढताना विचारायच्या, “बाई, हे गं काय?” आणि मूठ मिटत राहायच्या. कामावरच्या बायकांनाही तो खेळ कळला. एकीने मधेच उत्तर दिले तर आजी तिच्यावर ओरडल्या, असे आईने सांगितले.

काय झाले, काय नाही

फेब्रुवारीत माल निघायला लागला आणि पाच आठवडे कोणी येऊ शकले नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा बरेचसे पुसले गेले असेल या तयारीने मी बसले होते. बारापैकी नऊ शब्द तिने पहिल्या फटक्यात, न सांगता सांगितले. जानेवारीच्या शेवटच्या सत्रातही नेमके तेच नऊ होते. विकासात्मक भाषा विकार असलेल्यांची खरी अडचण शब्द आत घेताना असते आणि जे नीट आत गेले ते बऱ्यापैकी टिकते, असे मॅक्ग्रेगर यांच्या पुढच्या कामातूनही दिसते. “सारखी विसरते हो” या घराघरातल्या तक्रारीकडे मी आता जरा संशयाने पाहते.

न आलेले तीन शब्दही बोलके आहेत. ‘विरळणी’चे अजून ‘विळणी’ होते, मधला ‘र’ कुठेतरी पडतो. ‘देठ’ कधी येतो, कधी ‘काडी’शी मिसळतो, आणि चित्रात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणजे काम अर्थावर करायचे आहे. ‘फवारणे’ अजिबात आला नाही, आणि तो दोष माझा. त्या घरात कोणीही फवारत नाही. सगळे ‘औषध मारतात’. पुस्तकातला शब्द मी यादीत घुसवला आणि पाच महिने तिच्याकडून मागत राहिले.

या सगळ्याचे श्रेय आठवून घेण्याला किती, कमी शब्द निवडण्याला किती, आजींच्या मुठीला किती आणि मधे वाढलेल्या वयाला किती, हे एका मुलीवरून वेगळे काढता येत नाही. नऊ शब्द पक्के झाले म्हणून शाळेतले शब्द आपोआप येऊ लागले असेही नाही. शाळेत शिकवलेल्या ऋतूंच्या नावांपैकी तिला एकच सांगता आले. वर्गशिक्षिकेशी दोनदा बोलणे झाले. घरी इंग्रजी बोलण्याचा आग्रह आता नाही, आणि प्रत्येक धड्यातले दोन शब्द आठवडाभर आधी घरी कळवायचे त्यांनी मान्य केले आहे.

वडिलांनी दिव्यांगतेच्या प्रमाणपत्राचे विचारले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगतेची व्याख्या स्वरयंत्र काढणे किंवा मेंदूला इजा होऊन वाचा जाणे अशा शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी येणाऱ्या कायमच्या स्थितीची आहे. छकुलीसारखी मुले तीत सहज बसत नाहीत. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या (वाचन-लेखनासारखी कौशल्ये शिकण्यातल्या अडचणीच्या) व्याख्येत विकासात्मक वाचाघाताचा, म्हणजे अशाच भाषेच्या अडचणीच्या एका जुन्या नावाचा, उल्लेख आहे, पण तो दरवाजा वाचन-लेखन सुरू झाल्यावर ठोठवायचा. पहिलीत अक्षरे जुळवताना तिच्यावर विशेष लक्ष ठेवावे लागेल, एवढे त्यांना सांगितले, कारण ऐकलेला आवाज मनात धरून ठेवण्याची जी अडचण बोलण्यात दिसते ती वाचनातही पुढे येऊ शकते.

आता एप्रिलची खरड छाटणी आहे. नव्या यादीत क्रियापदे जास्त घेतली आहेत, आणि या वेळी यादी मी केलेली नाही. वडिलांनी बागेतले वीस मिनिटांचे बोलणे मुद्रित करून पाठवले आहे, त्यातून ती काढली. ‘काडी’ त्यात नऊ वेळा आहे. त्यांतली दोन सुटी, बाकी ‘काडीला’, ‘काड्यांची’, ‘काड्यांना’, आणि चौदाव्या मिनिटाला मागून छकुलीचा आवाज ऐकू येतो, “आजी, ह्या काड्यांना डोळेच नाहीत.”